इंग्रजीतलं भौतिकशास्त्र आणि खगोल मराठीत आणताना: नवख्या अनुवादकांसाठी

विज्ञानाचा पहिला अनुवाद हाती आला की बरेचजण थेट शब्द बनवायला बसतात. संस्कृतचा एखादा धातू, पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय, आणि झाला 'प्रतिशब्द' तयार. एवढी मेहनत करायची बहुतेक वेळा गरज नसते. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्रातल्या दहापैकी आठ-नऊ संज्ञांना मराठीत आधीच शब्द आहे. अडचण उलटी आहे. एकेका संज्ञेला दोन-दोन, तीन-तीन शब्द आहेत, आणि त्यातला कोणता कुठे चालतो हे कुणी सांगत नाही. म्हणून या कामात शब्द घडवण्यापेक्षा निवडण्यावर जास्त वेळ जातो. तो कमी जावा म्हणून हे टिपण.

आधी हाताशी काय हवं

- मराठी विश्वकोश. नोंदी ऑनलाइन मोफत वाचता येतात. अठरावा खंड परिभाषासंग्रहाचा आहे, तो तर जवळच ठेवा.
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. भौतिकशास्त्राचा स्वतंत्र आहे आणि तो ऑनलाइन शोधताही येतो.
- बालभारतीची सहावी ते दहावीची विज्ञानाची पुस्तकं, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची. पीडीएफ उतरवून घेता येतात.
- एखादं चांगलं इंग्रजी भौतिकशास्त्राचं पुस्तक, अर्थ तपासायला.
- आकाशाचा नकाशा दाखवणारं सॉफ्टवेअर. स्टेलेरियम मोफत आहे.
- एक साधं पंचांग. हसू नका, सहाव्या पायरीत लागेल.
- संज्ञांची यादी ठेवायला एक्सेल किंवा तसलंच काही.

१. मजकूर कोण वाचणार, हे आधी विचारून घ्या

हे विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका. शाळेतल्या मुलांसाठी असेल तर पाठ्यपुस्तकातला शब्दच घ्यायचा, तुम्हाला आवडो न आवडो. परीक्षेत त्यांना तोच लिहायचा असतो. दिवाळी अंकातला लेख असेल तर मोकळीक जास्त. प्रदर्शनाचा फलक असेल तर शब्द छोटा हवा, कारण माणूस उभ्यानं वाचतो आणि मागून रांग ढकलत असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्रात मराठी माध्यमाचा मुलगा दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकतो, अकरावीला सगळं इंग्रजीत होतं. म्हणजे बहुतेक वाचकांची मराठी परिभाषा दहावीच्या पुस्तकावर थांबलेली असते. 'त्वरण', 'जडत्व', 'अपवर्तन' त्यांना ओळखीचे. त्यापुढचं 'पुंजयामिकी' (क्वांटम मेकॅनिक्स) दिसलं की डोळे पुढच्या परिच्छेदावर उडी मारतात. दहावीच्या वरच्या प्रत्येक संज्ञेला पहिल्यांदा वापरताना अर्धं वाक्य समजावणीचं द्यावं लागतं. ते अर्धं वाक्य मूळ इंग्रजीत नसलं तरी द्या.

२. संज्ञा वेगळ्या काढा

संपूर्ण मजकूर एकदा वाचून सगळ्या संज्ञा यादीत उतरवा. रकाने चार पुरतात: इंग्रजी संज्ञा, या मजकुरातला अर्थ, निवडलेला मराठी शब्द, तो कुठून घेतला. शेवटचा रकाना भरायचा कंटाळा येतो, पण संपादक 'हा शब्द कुठला?' विचारतो तेव्हा तोच वाचवतो.

साध्या दिसणाऱ्या शब्दांकडे जास्त लक्ष द्या. 'न्यूट्रिनो' कुणाला फसवत नाही. फसवतात ते 'वर्क', 'पॉवर', 'मास', 'मेटल' यांसारखे.

३. अर्थ लावल्याशिवाय शब्द शोधू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा. एकच इंग्रजी शब्द भौतिकशास्त्रात तीन कामं करतो आणि मराठीत त्या तीन कामांना तीन वेगळे शब्द असतात.

'फेज' घ्या. चंद्राची असेल तर कला. बर्फ-पाणी-वाफ असा विषय असेल तर अवस्था. दोन लहरी एकमेकींच्या पुढेमागे असतील तर कोशात पुन्हा कला किंवा प्रावस्था. चंद्र आणि लहरी एकाच लेखात आल्या तर लहरींना प्रावस्था द्या, नाहीतर वाचक लहरीची पौर्णिमा शोधत बसेल.

'मॅग्निट्यूड' त्याहून चकवणारा. सदिश राशीचं (व्हेक्टरचं, म्हणजे जिला दिशाही असते तिचं) असेल तर परिमाण. ताऱ्याच्या तेजाचं असेल तर प्रत: पहिल्या प्रतीचा तारा, सहाव्या प्रतीचा तारा. इथे आकडा जितका कमी तितका तारा तेजस्वी. व्याधाची प्रत उणे १.४६ आहे. मूळ लेखकानं 'मॅग्निट्यूड वाढली' असं लिहिलं असेल तर तारा मंद झाला की तेजस्वी, हे संदर्भावरून ठरवा आणि मराठीत थेट 'तारा मंदावला' असं लिहा. आकड्याच्या वाढीघटीचं वाक्य जसंच्या तसं आणलं तर वाचक हमखास उलटा अर्थ घेतो.

'ट्रान्झिट'चंही तसंच. सूर्यबिंबावरून शुक्र सरकतो ते अधिक्रमण. २००४ आणि २०१२ साली ते झालं, पुढचं २११७ मध्ये. पण एखादा तारा दक्षिणोत्तर रेषा ओलांडतो तेव्हाही इंग्रजीत ट्रान्झिटच म्हणतात. त्याला मराठीत याम्योत्तर लंघन. आणि चंद्रामागे तारा लपतो ते पिधान. वाचक सामान्य असेल तर 'चंद्रानं रोहिणी झाकली' हे 'पिधान'पेक्षा कितीतरी चांगलं.

काही संज्ञा मुळातच दिशाभूल करणाऱ्या आहेत. त्या शब्दशः आणल्या तर चूक मराठीतही घर करते.

खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून उरलेल्या प्रत्येक मूलद्रव्याला 'मेटल' म्हणतात, अगदी ऑक्सिजनलाही. 'धातू' लिहिलंत तर वाचकाला लोखंड-तांबं आठवणार. 'हेलियमहून जड मूलद्रव्यं' लिहा. वाक्य चार अक्षरांनी वाढलं तर वाढू द्या.

'हायड्रोजन बर्निंग' मध्ये काही जळत नाही. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो, ताऱ्याच्या गाभ्यात अणुकेंद्रकांचं संमीलन होतं. त्यामुळे तारा हायड्रोजन 'जाळतो' हे ललित लेखात एखाद्या वेळी खपेल, माहितीपर लेखात नको.

'मॅसिव्ह स्टार' म्हणजे भव्य तारा नव्हे, जास्त वस्तुमानाचा तारा. आकारानं तो लहानही असू शकतो. 'अर्ली टाइप' तारे म्हणजे तापलेले तारे, त्यांच्या वयाशी त्या नावाचा संबंध नाही.

आणि 'प्लॅनेटरी नेब्युला' (नेब्युला म्हणजे अवकाशातला वायू-धुळीचा ढग). तिचा ग्रहांशी काडीचा संबंध नाही. अठराव्या शतकात विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून ती ग्रहाच्या बिंबासारखी गोल दिसली, म्हणून ते नाव पडलं. मराठीत यासाठी 'बिंबाभ्रिका' असा शब्द होऊन गेला आहे. ग्रह वगळून बिंब तेवढं ठेवलं. इंग्रजीपेक्षा सरस काम आहे. दुर्दैवानं आज 'ग्रहीय तेजोमेघ' जास्त दिसतो.

४. शब्द शोधण्याचा क्रम

माझा क्रम असा: आधी पाठ्यपुस्तक, मग विश्वकोश, मग परिभाषा कोश, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं डोकं.

पाठ्यपुस्तकाची युक्ती सांगतो. बालभारतीचं एकाच इयत्तेचं विज्ञान मराठी आणि इंग्रजी माध्यमात बहुतांशी समांतर चालतं. दोन्ही पीडीएफ शेजारी उघडा, धडा काढा, आकृती जुळवा. आकृतीखालची नावं आणि व्याख्या आपोआप जोडीनं मिळतात. कोशात नुसता शब्द मिळतो, इथे तो वाक्यात वापरलेला मिळतो. त्याचं लिंग, अनेकवचन, सोबतचं क्रियापद सगळं दिसतं.

विश्वकोशाची गंमत वेगळी. तिथे खगोलासाठी 'ज्योतिषशास्त्र' हा शब्द आढळेल. जुन्या वापरात तो बरोबरच होता, पण आज वाचकाला भविष्य आठवतं. विश्वकोशातला शब्द घ्या, पण तो आज कोणत्या अर्थानं वाचला जातो तेही बघा. अल्ट्राव्हायोलेटला तिथे 'जंबुपार' सापडतं, पाठ्यपुस्तकात 'अतिनील'. जंबुपार देखणा आहे खरा, जांभळ्याच्या पलीकडचा, पण सनस्क्रीनच्या जाहिरातीपासून पाठ्यपुस्तकापर्यंत अतिनील रुळला आहे. रुळलेला घ्यावा. नेब्युलाला विश्वकोशात अभ्रिका, शाळेत तेजोमेघ. इथे माझं मत डळमळतं: सगळे तेजोमेघ तेजस्वी नसतात, काळेही असतात, आणि 'काळा तेजोमेघ' लिहिताना पेन अडखळतं. लेखात काळे मेघ येणार असतील तर मी सुरुवातीपासून अभ्रिका घेतो.

कोशांत मतभेद असेल तर आधी एक शब्द निवडा, आणि मग शेवटपर्यंत तोच ठेवा. शाळेत मास्तर निबंधात 'शब्दांची पुनरुक्ती टाळा' सांगायचे. ते इथे विसरा. पहिल्या पानावर 'लहरी', दुसऱ्यावर 'तरंग', तिसऱ्यावर 'लाटा' आल्या तर वाचकाला तीन वेगळ्या गोष्टी वाटतात.

नियम लावतानाही कानाला विचारा. पाठ्यपुस्तकात स्पीड म्हणजे चाल आणि व्हेलॉसिटी म्हणजे वेग, कारण वेगाला दिशा असते. गतीच्या नियमांवर लिहिताना हा भेद पाळलाच पाहिजे. पण 'प्रकाशाची चाल' असं सामान्य लेखात लिहू नका. तिथे 'प्रकाशाचा वेग' हेच मराठी आहे, आणि त्यानं कुणाचं नुकसान होत नाही. 'शक्ती'बाबत मात्र कडक राहा. बल, शक्ती आणि ऊर्जा बोलण्यात एकमेकींच्या जागी फिरतात. लेखात फोर्सला बल, पॉवरला शक्ती, एनर्जीला ऊर्जा, यात फरक होता कामा नये.

५. हिंदीचा चकवा

मराठी शब्द सापडेना की माणूस हिंदी शब्दावली उघडतो. केंद्राच्या वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोगाचं काम मोठं आहे, लिपी एकच, शब्द संस्कृत, त्यामुळे उचलावेसे वाटतात. आणि मशीन अनुवादही असे शब्द गुपचूप आणून ठेवतो. पुढची जंत्री भिंतीवर लावा:

- अणू: मराठीत ॲटम. हिंदीत अणु म्हणजे मॉलेक्यूल, ॲटमला परमाणु. आपला मॉलेक्यूल म्हणजे रेणू.
- विकिरण: हिंदीत रेडिएशन. आपल्या शाळेत रेडिएशनला प्रारण (वहन, अभिसरण, प्रारण आठवा), आणि प्रकाशाचं विकिरण म्हणजे स्कॅटरिंग, आकाश निळं दिसण्याचं कारण.
- द्रव्यमान हिंदी, वस्तुमान मराठी.
- आवृत्ति हिंदी, वारंवारता मराठी. मराठीत आवृत्ती पुस्तकाची निघते.
- तरंगदैर्घ्य हिंदी, तरंगलांबी मराठी.
- यांत्रिकी: हिंदीत मेकॅनिक्स. मराठीत त्याला यामिकी. यांत्रिकी म्हटलं की इंजिनिअरिंगची शाखा आठवते.
- फ्यूजनला संलयन हिंदी, संमीलन मराठी.
- व्हाइट ड्वार्फला (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, दाट गाभा) श्वेत वामन हिंदी, श्वेत बटू मराठी.
- वायुमंडल हिंदी, वातावरण मराठी.
- खरब: हिंदीत शंभर अब्ज. आपला खर्व दहा अब्ज. एका शून्याचा घोटाळा.

यातली पहिली दोन सर्वांत घातक. 'द्रव्यमान' वाचून फार तर वाचकाचं तोंड वाकडं होईल. 'अणू' चुकला तर रसायनशास्त्रच चुकतं. 'पाण्याचा अणू' असं वाक्य छापून आलेलं पाहिलंत तर मूळ कुठलं ते ओळखा.

वर्तमानपत्रांचे स्वतःचे चकवेही आहेत. टू-जी प्रकरणात, म्हणजे मोबाइल कंपन्यांना दिलेल्या परवान्यांच्या वादात, 'ध्वनिलहरींचं वाटप' असं सर्रास छापून येत असे. वाटप झालं रेडिओ लहरींच्या वारंवारता-पट्ट्यांचं. ध्वनिलहरी हवेत दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत दमतात. छापील आहे म्हणून शब्द उचलू नका. तसंच 'विद्युत भार'. कोशात तो चार्जसाठी मिळतो, पण भारनियमन सोसलेल्या वाचकाला भार म्हणजे लोड. 'विद्युतप्रभार' लिहिलं की प्रश्न मिटतो.

६. आकाशातली नावं

हा भाग मराठीत सगळ्यात श्रीमंत आहे आणि म्हणून सगळ्यात जास्त गोंधळाचाही.

ताऱ्यांना आपली नावं आहेत आणि ती वापरावीत. सिरियस व्याध, कॅनोपस अगस्त्य, स्पायका चित्रा, आर्क्ट्युरस स्वाती, अँटारेस ज्येष्ठा, व्हेगा अभिजित, अल्टेअर श्रवण, कॅपेला ब्रह्महृदय, बीटलज्यूस काक्षी, रायजेल राजन्य. मायझर आणि अल्कोर ही जोडी म्हणजे वसिष्ठ-अरुंधती. तिथे इंग्रजी नाव लिहिलंत तर आजी हसेल. प्रत्येक नाव नकाशावर एकदा ताडून पाहा.

तारकासमूहांत एक सुंदर काम आधीच झालं आहे. ग्रीक कथेत पर्सियस अँड्रोमिडाला वाचवून तिच्याशी लग्न करतो. कॅसिओपिया तिची आई, सेफियस बाप. आपल्या नकाशात पर्सियस झाला ययाती, अँड्रोमिडा देवयानी, कॅसिओपिया शर्मिष्ठा, सेफियस वृषपर्वा. नवरा-बायकोची जोडी तशीच राहिली, राजाच्या जागी राजा आला, आणि महाभारतातलं एक अख्खं भांडण उत्तरेच्या आकाशात जाऊन बसलं. फक्त नातं बदललं: आपल्या कथेत शर्मिष्ठा वृषपर्व्याची मुलगी. तेव्हा मूळ लेखात ग्रीक गोष्ट सांगितली असेल तर तिथे ग्रीक नावंच ठेवा. 'शर्मिष्ठेनं आपल्या मुलीच्या, देवयानीच्या, सौंदर्याची बढाई मारली' असं वाक्य झालं तर दोन्ही पुराणं एकदम बिघडतात. गोष्ट संपून ताऱ्यांची जागा सांगायची वेळ आली की मराठी नावांवर या.

नक्षत्र आणि तारकासमूह एक नव्हेत. नक्षत्रं सत्तावीस, चंद्राच्या वाटेचे १३ अंश २० कलांचे समान भाग. तारकासमूह ८८, आंतरराष्ट्रीय खगोल संघानं सीमा आखून दिलेले. कॉन्स्टेलेशनला 'नक्षत्र' लिहिण्याची सवय मोडा. मृगाचा घोटाळा तर दरवर्षी होतो. शेतकऱ्याचं मृग नक्षत्र जूनच्या सात-आठ तारखेला लागतं, म्हणजे सूर्य त्या भागात येतो. म्हणूनच तेव्हा ते तारे दिसत नाहीत. ओरायन, म्हणजे मृग तारकासमूह, संध्याकाळी पाहायचा तो थंडीत. लेखात 'मृग' आला की कुठला, ते एका शब्दानं स्पष्ट करा. पंचांग इथेच लागतं: सूर्याची आणि चंद्राची नक्षत्रं कधी बदलतात ते त्यात सरळ दिसतं.

गॅलेक्सी म्हणजे दीर्घिका. आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं, रात्री दिसणाऱ्या त्या पट्ट्याचं नाव. पाठ्यपुस्तक तिला मंदाकिनी म्हणतं. 'विश्वात अब्जावधी आकाशगंगा आहेत' हे वाक्य इतकं रूढ झालंय की ते चूक म्हणायला जीभ रेटत नाही, पण दोन्ही शब्द हाताशी असताना भेद ठेवलेला बरा. विशेषतः 'आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका' असं लिहायचं असेल तेव्हा.

पडणाऱ्या दगडांचीही अशीच विभागणी आहे. वातावरणात शिरून पेटलेली रेषा ती उल्का. जमिनीवर येऊन पडला तो अशनी. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये अशनीच्या आघातानं झालं आहे. 'उल्केमुळे' लिहिणं ढिलं. धूमकेतूला जुन्या बोलीत शेंडेनक्षत्र म्हणत, आणि चंद्राभोवतीच्या वर्तुळाला खळं. इंग्रजी 'हेलो' चंद्राभोवतीचा असेल तर खळं लिहा, त्याहून अचूक शब्द कुठल्या कोशात नाही. तोच 'हेलो' दीर्घिकेभोवतीचा असेल तर प्रभामंडळ, आणि सूर्याचा 'करोना' म्हणजे किरीट.

'राशी'वर नजर ठेवा. भौतिकशास्त्रात अदिश राशी, सदिश राशी. आकाशात सिंह रास, कन्या रास. एकाच परिच्छेदात दोन्ही नको. 'क्रांती'ही तशीच: खगोलात ती डेक्लिनेशन, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर. पहिल्यांदा लिहिताना हे सांगून टाका. आणि ग्रहांची 'युती' छापताना शीर्षकात ग्रहांची नावं घाला, निवडणुकीच्या दिवसांत तर नक्कीच.

७. काय तसंच ठेवायचं

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन, फोटॉन, क्वार्क, लेसर, क्वासार, पल्सार: यांना हात लावू नका. एककंही तशीच: न्यूटन, ज्यूल, वॅट, पास्कल, केल्व्हिन. 'क्वांटम' आता मराठीच झाला आहे. 'पुंज' घेतलात तर शेजारी तारकापुंज येऊन बसतो. इलेक्ट्रॉनच्या 'स्पिन'ला परिवलन म्हणू नका. परिवलन म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा गरगरत नसतो. स्पिन लिहा.

उलट 'ब्लॅक होल' लिहायचं कारण नाही. कृष्णविवर हा शब्द इतका पक्का बसला आहे की मुलंसुद्धा तोच म्हणतात. जयंत नारळीकरांसारख्या शास्त्रज्ञानं आयुष्यभर मराठीतून लिहिलं, त्यामुळे असे शब्द नुसते कोशात न राहता घराघरांत गेले. महास्फोट, प्रकाशवर्ष, बटुग्रह हेही तसेच पक्के. प्लूटो २००६ साली बटुग्रह झाला, शब्दही तेव्हापासूनच कानावर पडू लागला.

'ग्रॅव्हिटेशनल वेव्ह' आणि 'ग्रॅव्हिटी वेव्ह' हे वेगळे आहेत. पहिल्या म्हणजे २०१५ साली पहिल्यांदा टिपल्या गेलेल्या, ज्यांच्यासाठी हिंगोली जिल्ह्यात लायगोची वेधशाळा उभारायची आहे. त्यांना गुरुत्वीय लहरी म्हणा. दुसऱ्या ढगांत आणि समुद्रात उठतात. तिथे संज्ञा न शोधता काय घडतं ते लिहा.

माणसांची आणि उपग्रहांची नावं उच्चाराप्रमाणे. गुरूचा 'आयो' रोमन अक्षरांत 'लो'सारखा दिसतो आणि तसा छापलाही जातो. टायटन शनीचा, ट्रायटन नेपच्यूनचा. आणि मशीननं 'मर्क्युरी'चा पारा केला असेल तर तो पुन्हा बुध करा.

८. आकडे

बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं किंवा १,३८० कोटी वर्षं. एका लेखात एकच पद्धत. प्रकाशवर्ष सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. खर्व-निखर्व टाळा, ते आता कुणाच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाहीत. मैल आणि फॅरनहाइट आले तर बदलून द्या, पण मूळ आकडा 'सुमारे' असेल तर बदललेलाही गोळाबेरीज ठेवा. 'सुमारे शंभर मैल' याचं '१६०.९३ किलोमीटर' करू नका.

९. शब्दाला मराठीत चालवून पाहा

कोशातला शब्द सुटा असतो, वाक्यात त्याला विभक्ती लागते. दीर्घिका, दीर्घिकेचा, दीर्घिकांमध्ये. यान पृथ्वीच्या 'कक्षेत' जातं; 'कक्षात' रुग्ण भरती होतो. 'किरण' पुल्लिंगी आहे: सूर्याचे किरण, क्ष-किरण. 'किरणे' हे आता सगळीकडे दिसतं, तरी टाळा. इंग्रजी अनेकवचन आणू नका: दोन न्यूट्रॉन, 'न्यूट्रॉन्स' नाही.

१०. एक वाक्य जवळून

मूळ वाक्याचा आशय: श्वेत बटू जोडीदार ताऱ्याकडून द्रव्य ओढतो, वस्तुमान १.४ सौर वस्तुमानांजवळ गेलं की सुपरनोव्हा होऊन फुटतो. मशीननं दिलेलं मराठी साधारण असं येतं:

'एक पांढरा बटू त्याच्या सोबत्याकडून पदार्थ वाढवतो जोपर्यंत त्याचे द्रव्यमान १.४ सौर द्रव्यमानांच्या जवळ येत नाही, ज्यामुळे एक सुपरनोव्हा स्फोट होतो.'

'पांढरा बटू' अर्धाच अनुवाद, संज्ञा श्वेत बटू. 'सोबती' माणसाला. 'पदार्थ' ताटात, इथे द्रव्य. द्रव्यमान हिंदीतून आलंय. 'जोपर्यंत... नाही, ज्यामुळे' हा इंग्रजी सांगाडा. आणि सुरुवातीचं 'एक' मराठीला लागत नाही. आता:

'जोडताऱ्यातल्या दुसऱ्या ताऱ्याकडचं द्रव्य श्वेत बटूवर साचत जातं. त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट होत आलं की त्याचा स्फोट होतो. असा फुटणारा तारा म्हणजे सुपरनोव्हा.'

वाक्यं एकाची तीन झाली. होऊ द्या. कोशात सुपरनोव्हाला 'अतिदीप्त नवतारा' आहे. पण तो तारा नवा नसतो, मरणारा असतो, म्हणून मी सुपरनोव्हाच ठेवतो. ही १.४ पटीची मर्यादा चंद्रशेखर मर्यादा म्हणून ओळखली जाते. मूळ लेखात नाव नसलं तरी कंसात टाकायला हरकत नाही, संपादकाला विचारून.

११. पाठवण्यापूर्वी

दोन माणसांना वाचायला द्या. एक भौतिकशास्त्र शिकवणारा, अर्थासाठी. दुसरा विज्ञान सोडून वीस वर्षं झालेला, मराठीसाठी. दोघांची मतं जुळली नाहीत तर अर्थाबाबत पहिल्याचं ऐका, वाक्याबाबत दुसऱ्याचं. शिक्षकाला बहुधा इंग्रजी संज्ञा कंसात हवी असते. पाठ्यपुस्तकात ते ठीक, लेखात पानभर कंस झाले की वाचणं थांबतं. त्याऐवजी शेवटी एक छोटी सूची द्या.

मग 'शोधा' वापरून यादीतला प्रत्येक शब्द एकदा संपूर्ण मजकुरात फिरवा. द्रव्यमान, आवृत्ती, विकिरण, परमाणू, तरंगदैर्घ्य हे पाच मुद्दाम शोधा. कुठून तरी आलेले असतातच. संज्ञांची यादी मजकुरासोबत संपादकाला पाठवा आणि वर ठळक लिहा की बदल करायचा असेल तर यादीत करा, मग सगळीकडे. नाहीतर मुद्रितशोधनात पहिल्या तीन पानांवर अभ्रिकेचा तेजोमेघ होतो आणि उरलेल्या पानांवर अभ्रिकाच राहते.